बिऱ्हाड आणि घर

(१)

चैत्राची पालवी फुटली कीं मुंबईच्या उपनगरांत दोन हंगाम एकाच वेळीं सुरू होतात. पहिला हंगाम जागा शोधण्याचा. मुलांच्या परीक्षा संपलेल्या असतात, कोणाचा जुना करार सरत आलेला असतो, कोणाला पाडव्याच्या किंवा अक्षय्यतृतीयेच्या मुहूर्तावर नव्या जागेंत पाऊल टाकावयाचें असतें. म्हणून अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत गल्लोगल्लीं टेंपो उभे राहतात आणि त्यांतून कपाटें, गाद्या व तुळशीच्या कुंड्या उतरूं लागतात. दुसरा हंगाम डागडुजीचा. मृगाला अडीच महिने उरले हें ध्यानांत येतांच गवंडी, रंगारी आणि नळाचीं कामें करणारे यांस क्षणाची उसंत मिळेनाशी होते. इमारतींभोंवतीं बांबूंच्या परांच्या चढतात, गच्च्यांवर पत्रे ठोकले जातात, आणि जुना गिलावा खरवडल्याचा आवाज भर दुपारीं सगळ्या वस्तीभर ऐकूं येतो.

यंदा या दोन्ही हंगामांशीं प्रस्तुत लेखकाचा निकट संबंध आला. अंधेरींतील आमची इमारत पन्नाशीला आली होती. तिची नीट दुरुस्ती करावी कीं ती पाडून नवी बांधावी, या वादांत सभासदांच्या सभा गेलीं दहा वर्षें रात्रीं अकरा-अकरापर्यंत चालत. आणि त्या दहा वर्षांत धड दुरुस्तीही झाली नाहीं आणि नवें बांधकामही झालें नाहीं. अखेर पाडण्याचें ठरलें. नवी इमारत उभी राहीपर्यंत सर्वांनीं अन्यत्र राहावयाचें होतें. तेव्हां फाल्गुनाच्या अखेरीपासून मी जागा पाहत हिंडूं लागलों. दलालांनीं मला जें जें दाखविलें त्याचें वर्णन करून वाचकांचा वेळ घेत नाहीं. एवढेंच सांगतों कीं रोज संध्याकाळीं थकून परत आलों म्हणजे माझी ८४ वर्षांची आई एकच प्रश्न विचारी, "मिळालें का बिऱ्हाड?" तिसऱ्या-चौथ्या दिवशीं मी हंसून म्हटलें, "आई, बिऱ्हाड हा शब्द आतां कोणी वापरत नाहीं. फ्लॅट म्हण, नाहीं तर घर म्हण." त्यावर ती म्हणाली, "घर कसें म्हणूं? घर तर आपलें पाडताहेत. आतां शोधायचें तें बिऱ्हाडच."

इतिहास शिकविण्यांत ज्याचीं तीस वर्षें गेलीं त्यास आपल्या आईनें एका वाक्यांत निरुत्तर करावें, ही गोष्ट मनाला लागून राहिली. आपल्या भाषेनें हे दोन शब्द निष्कारण जवळ बाळगलेले नाहींत. राहण्याची जागा दोन्हींतही असते; भिंती, दार आणि चूल दोन्हींतही असतात. फरक आहे तो जबाबदारीचा. ज्याच्या छपराची चिंता पावसाळ्यापूर्वीं आपण स्वतः वाहतों तें घर. ज्याच्या छपराची चिंता दुसऱ्या कोणी तरी वाहावी अशी आपली अपेक्षा असते तें बिऱ्हाड. या दृष्टीनें पाहूं लागलें असतां मुंबईच्या उपनगरांचा गेल्या सव्वाशें वर्षांचा इतिहास हा बिऱ्हाडाचें घर कसें झालें, आणि त्या घराचें पुन्हां बिऱ्हाड कसें होत चाललें आहे, याचा इतिहास आहे असें मला वाटूं लागलें. तोच येथें थोडक्यांत मांडावयाचा आहे.

(२)

आज ज्यास आपण उपनगरें म्हणतों तो प्रदेश म्हणजे जुनें साष्टी बेट. तें १५३४ सालीं पोर्तुगीजांकडे गेलें, १७३७ सालीं मराठ्यांनीं घेतलें, १७७४ च्या अखेरीस ठाण्याबरोबर इंग्रजांच्या हातीं पडलें, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानें त्यांच्याकडेच कायम झालें. राज्यें अशीं बदलत गेलीं तरी गांवें मात्र आपल्या जागीं होतीं. वेसाव्याचे कोळीवाडे, आंबोली, मरोळ, कोंदिवटें, किरोळ आणि त्यांच्यासारखीं कितीतरी गांवें भातशेती, मिठागरें, ताडी-माडी व मासेमारी यांवर जगत होतीं.

या गांवांतील घरांकडे क्षणभर पाहूं. भिंती मातीच्या वा कुडाच्या, खांब व वांसे लांकडी, आणि वर गवत, झावळ्या किंवा कुंभारानें घडविलेलीं नळीचीं कौलें. ख्रिस्ती वस्त्यांतील कांहीं सुखवस्तु घरें दगड-चुन्याचीं असत, व त्यांना बाहेरून चढणारा लांकडी जिना असे. परंतु घर गरिबाचें असो कीं श्रीमंताचें, नव्वद इंचांच्या आसपास पाऊस पाडणाऱ्या आकाशाखालीं तें उभें होतें. आणि त्या आकाशाशीं त्याचा दर वर्षीं नवा करार होत असे. चैत्र-वैशाखांत कौलें खालीं उतरवावयाचीं, फुटकीं निवडून टाकावयाचीं, कुजलेल्या रिपा बदलावयाच्या, आणि तींच कौलें पुन्हां चढवावयाचीं, यास कौलें चाळणें म्हणत. गवताचें छप्पर असलें तर तें नव्यानें शाकारावें लागे. पश्चिमेच्या भिंतीला झावळ्यांचा आडोसा, अंगणाला चोपण, जमिनीला सारवण, विहिरींतला गाळ उपसणें, सरपण कोरड्या जागीं रचणें, हें सगळें मृगापूर्वीं व्हावयास पाहिजे असे. यांत हौसेचा भाग थोडा होता. एक कौल सरकलेलें राहिलें तर आषाढांत भिंत विरघळते, हें लहान मुलासही ठाऊक असल्यामुळें तें काम कोणी पुढें ढकलीत नसे.

हीच रीत कोंकणांतही होती, आणि तिचा मुंबईशीं निकटचा संबंध आहे. रत्नागिरी जिल्ह्यांतून गिरणींत वा कचेरींत चाकरीस आलेला माणूस गिरगांवांत किंवा परळास एका खोलींत दहा वर्षें काढी, पण त्या खोलीस तो घर म्हणत नसे. त्याचें घर गांवीं होतें. उन्हाळ्यांत रजा घेऊन तो बोटीनें गांवीं जाई, आणि तेथें आंबे-फणस खाण्याइतकेंच महत्त्वाचें काम म्हणजे घराची शाकारणी. मुंबईंतील चाळीचें छप्पर गळो कीं जिना मोडो, त्याची चिंता मालकाला. ज्याला वर्षांतून अकरा महिने आपण राहतों त्या जागेसाठीं खिळासुद्धां ठोकावासा वाटत नाहीं, आणि जेथें एक महिना राहतों तेथलीं कौलें मात्र स्वतःच्या हातानें चाळावीशीं वाटतात, असा हा चाकरमानी होता. घर व बिऱ्हाड यांमधील अंतर इतकें स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसेल.

(३)

साष्टी आणि मुंबई हीं बेटें एकमेकांस जोडलीं गेलीं तीं टप्प्याटप्प्यानें. गव्हर्नर डंकन याच्या कारकीर्दींत शींवचा बांध झाला. माहीम व वांद्रें यांमधील बांध अवाबाई जमशेटजी जिजीभाई यांच्या औदार्यामुळें १८४५ सालीं खुला झाला. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदर ते ठाणें आगगाडी धांवली. आणि पश्चिमेकडील रुळांवर १८६७ पासून विरारची गाडी येऊं-जाऊं लागली. मार्ग झाले, तरी मध्यमवर्गीय मुंबईकर साष्टींत राहावयास गेला नाहीं. गाडीच्या खिडकींतून दिसणारीं भातशेतें त्याला परमुलुखासारखीं वाटत. त्याला शहराबाहेर काढलें तें दुसऱ्याच एका शक्तीनें.

सप्टेंबर १८९६ मध्यें मांडवी भागांत डॉ. आकासिओ व्हिएगस यांनीं ग्रंथिक सन्निपात ओळखला. १८९१ च्या शिरगणतींत ८,२१,७६४ वस्ती असलेल्या या शहरांतून पुढच्या कांहीं महिन्यांत सुमारें निम्मे लोक निघून गेले. प्लेगचा एक विशेष असा कीं त्याचा जोर ऋतुमानाप्रमाणें चढे-उतरे. हिंवाळ्यांत तो डोकें वर काढी, फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत कळसास पोहोंचे, आणि उन्हाळा कडक होऊन पाऊस जवळ आला म्हणजे ओसरूं लागे. उंदरांच्या अंगावरील पिसवांमुळें हा रोग पसरतो हें पुढें मुंबईंतच लिस्टन व त्याचे सहकारी यांच्या संशोधनानें ठाम झालें; परंतु सामान्य माणसाला त्यापूर्वींच एक गोष्ट अनुभवानें कळली होती, ती ही कीं वसंत ऋतु शहरांत काढणें धोक्याचें आहे.

तेव्हां उपनगरांत जागा शोधण्याचा वसंतांतील हंगाम प्रथम भरला तो मृत्यूच्या भीतीनें. घराच्या सांदींत उंदीर मेलेला आढळला कीं सामानाची वळकटी बांधून कुटुंब निघे, आणि रुळांच्या कडेनें, वांद्र्याच्या पलीकडे किंवा कुर्ल्याच्या पलीकडे, एखाद्या गांवकऱ्याची पडवी, वाडींतली रिकामी खोली अथवा तट्ट्यांची झोंपडी भाड्यानें घेई. पाऊस सुरू झाला कीं तें परत जाई. पुढच्या वर्षीं पुन्हां तोच क्रम. सुगीप्रमाणें प्लेगही दर साली यावयाचा असें लोक गृहीत धरूं लागले.

शहरांत मागें राहिलेल्या घरांची काय अवस्था झाली? प्लेग कमिटीच्या माणसांनीं भिंतींना चुना फांसला, जंतुनाशक पाण्यानें जमिनी भिजविल्या, कोंदट खोल्यांत ऊन यावें म्हणून छपरांचीं कौलें काढलीं, आणि ज्या खोल्या कशानेंच सुधारण्यासारख्या नव्हत्या त्यांवर मनुष्यवस्तीस अयोग्य अशा अर्थाचीं अक्षरें रंगविलीं. या दृश्यांतला विरोध मनांत घर करून राहतो. चुना लावणें व कौलें उतरविणें हीं गृहस्थाचीं चैत्रांतलीं नेहमींचीं कामें. पण येथें तीं सरकारी शिपायांच्या हातून, जुलमानें आणि भयानें चाललीं होतीं. या कडक उपायांचा लोकांस संताप येणें स्वाभाविक होतें, आणि मार्च १८९८ मध्यें शहरांत त्यापायीं दंगाही झाला. पण त्या संतापाच्या पाठीमागें एक अप्रिय सत्य दडलेलें होतें. ज्या चाळींत शेंकडों माणसें पिढी-दोन पिढ्या राहिलीं, त्या चाळीची निगा राखणें हें कोणाचेंच काम नव्हतें. मालकाला भाड्याशीं काम होतें आणि बिऱ्हाडकरूला गांवच्या घराशीं. जें कोणाचेंच नव्हतें तेथें उंदीर वाढले.

(४)

प्लेगनंतर १८९८ सालीं सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, रस्ते रुंद झाले, दादर-माटुंग्याच्या नव्या वसाहतींची आंखणी झाली. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीनें याहून महत्त्वाची घटना १९१५ सालीं घडली. त्या वर्षीं श्रीपाद सुब्बराव तालमकी व त्यांचे सहकारी यांनीं गांवदेवी येथें सारस्वत सहकारी गृहरचना संस्था काढली. तिच्यामागची कल्पना सांगावयास सोपी व आचरावयास कठीण अशी होती. भाडेकरूंनींच एकत्र येऊन आपल्या इमारतीचे मालक व्हावें, म्हणजे घरमालक व बिऱ्हाडकरू यांच्यामधील वैर मुळांतूनच नाहींसें होईल. १९१८ सालीं वांद्र्यास साष्टीच्या कॅथलिक मंडळींनीं अशीच संस्था स्थापिली. १ ऑक्टोबर १९२० रोजीं मुंबई उपनगर जिल्हा ठाण्यापासून वेगळा झाला. १९२२ च्या सुमारास मुलुंडास काटकोनांत छेदणाऱ्या रस्त्यांचें नवें नगर आंखण्यांत आलें. आणि ५ जानेवारी १९२८ रोजीं बोरिवलीपर्यंत विजेची गाडी धांवूं लागल्यावर कचेरींतल्या कारकुनाला गिरगांव सोडण्याचें धैर्य आलें. पु. ल. देशपांडे यांचें बाळपण प्रथम जोगेश्वरीच्या सरस्वतीबागेंत आणि मग पार्ल्यास गेलें तें याच काळांत. त्यांच्या पिढीच्या पुष्कळ मराठी लेखकांचें बालपण गांवांत किंवा चाळींत गेलें. परंतु उपनगराची वस्ती हेंच ज्यांचें गांव झालें अशांपैकीं ते पहिल्या कांहींतले होत.

माझे आजोबा गिरगांवांतील खोली सोडून १९३८ च्या चैत्रांत अंधेरीस आले. एका बैठ्या बंगल्याचा अर्धा भाग त्यांनीं दरमहा बावीस रुपये भाड्यानें घेतला. दुसऱ्या भागांत स्वतः मालक राहत. समोर ओटा, मागें पडवी, विहीर, दोन माड, एक फणस, आणि वर मंगलोरी कौलें. हीं कौलें म्हणजे त्या काळच्या उपनगराचें शिरस्त्राणच म्हणावें. मंगळूर येथें बाझल मिशननें १८६५ सालीं तीं काढण्याचा कारखाना घातला, आणि समुद्रमार्गें तीं सर्व पश्चिम किनाऱ्यावर पसरलीं. नळीच्या कौलांपेक्षां तीं एकमेकांत घट्ट बसत व कमी सरकत. तरीही वर्षांतून एकदां त्यांची पाहणी करावी लागेच, कारण माडाचा एक नारळ पडला तरी चार कौलें फुटत.

माझी आई १९६३ सालीं सून म्हणून त्या बंगल्यांत आली. पूर्वीं वैशाखांतल्या एका रविवारीं काय चाले तें तिला आजोबांच्या तोंडून ऐकावयास मिळालें. घरमालक शिडी, कौलें आणि एक मजूर देई. आजोबा स्वतः ओट्यावर उभे राहून कौलें हातोहात वर देत. मालकाचीं व आमचीं मुलें फुटकीं कौलें वेंचून त्यांचा खच विहिरीच्या कडेला पसरीत. आणि दुपारीं दोन्ही बिऱ्हाडांचें जेवण एकत्र होई. करार पाहिला तर आजोबा बिऱ्हाडकरू होते. पण त्या एका रविवारापुरते तरी ते घरमालकाच्या बरोबरीनें घराची काळजी वाहत होते. उपनगराचा खरा लाभ मला यांत दिसतो. मोकळी हवा व विहिरीचें पाणी यांची स्तुति पुष्कळांनीं केली आहे, आणि त्याच विहिरींतले डांस हिंवताप आणीत हेंही खरें आहे. परंतु ज्या मुंबईकराला आपल्या हातानें चाळावीं अशीं कौलें केवळ कोंकणांत होतीं, त्याला तीं कचेरीपासून तासाभराच्या अंतरावर मिळालीं, आणि बिऱ्हाडाचें घर होण्याचा आरंभ झाला.

(५)

हा आरंभ फार दिवस टिकला नाहीं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत मुंबईंत माणसें वाढलीं व जागा दुर्मिळ झाल्या. फाळणीनंतर निर्वासितांची भर पडली. भाडेकरूला वाऱ्यावर सोडूं नये या रास्त हेतूनें १९४७ चा भाडेनियंत्रणाचा कायदा झाला. तशा कायद्याचा पहिला प्रयोग १९१८ सालींच होऊन गेला होता; पण या वेळीं जें झालें तें अर्ध्या शतकाहून अधिक टिकलें. १ सप्टेंबर १९४० रोजीं जें भाडें चालू होतें तेंच सामान्यतः प्रमाण भाडें ठरलें. कायद्यानें मालकावर दुरुस्तीचें बंधन घातलेलें होतें हें खरें. परंतु कौलाची, चुन्याची व मजुराची किंमत दरसाल वाढत जावी आणि भाडें मात्र १९४० सालांत थिजून राहावें, अशा स्थितींत तें बंधन कागदावरच राहणार हें सांगावयास अर्थशास्त्राची पदवी नको.

आमच्याही बंगल्यांत तेंच घडलें. १९५० सालीं अंधेरी मुंबई महापालिकेच्या हद्दींत आली, १९५७ सालीं बोरिवली आणि मुलुंडही आलीं. जमिनीचे भाव चढूं लागले, आणि आमचें भाडें बावीसच रुपये राहिलें. वैशाखांतला तो रविवार प्रथम दोन वर्षांआड येऊं लागला, मग बंद पडला. घरमालक म्हणत, बावीस रुपयांत मी काय काय करूं? आजोबा म्हणत, छप्पर त्यांचें आहे, मी कां खर्च करूं? दोघेही सज्जन होते, आणि दोघांचेंही म्हणणें आपापल्या जागीं बरोबर होतें. दोन बरोबर माणसांच्या मध्यें छप्पर मात्र गळत राहिलें. लहानपणच्या माझ्या पहिल्या आठवणींत मधल्या खोलींत मांडलेल्या तीन बादल्या आहेत, आणि त्यांत निरनिराळ्या सुरांत पडणारे थेंब आहेत. अखेर १९७६ सालीं बंगला पाडला गेला, तेथें चार मजल्यांची इमारत झाली, आणि इतरांबरोबर आम्हीही तींत मालकीच्या जागेंत राहूं लागलों. हीच ती इमारत, जी आतां पुन्हां पाडली जात आहे.

या सर्व काळांत मुंबई बेटावरील जुन्या चाळींचा प्रश्न इतका बिकट झाला कीं १९६९ सालीं त्यांच्या दुरुस्तीसाठीं खास मंडळ नेमून इमारतींवर उपकर बसविण्यांत आला. परंतु त्या उपकराची योजना माहीम व शींव येथेंच थांबली. उपनगरांतील पागडीच्या इमारतींना तिचा आधार कधींच मिळाला नाहीं. दुसरीकडे, भाड्यानें दिलेली जागा परत मिळत नाहीं या धास्तीनें लोक 'परवानगी'च्या करारावर जागा देऊं लागले होते. १ फेब्रुवारी १९७३ रोजीं अशा जागांत असलेल्यांनाही कायद्यानें भाडेकरूचें संरक्षण दिलें, तेव्हां पुष्कळ मालकांनीं आपल्या जागा कुलुपें लावून रिकाम्या ठेवणेंच पसंत केलें. माणसांना जागा नाहीं आणि जागांना माणसें नाहींत, असा विचित्र देखावा मुंबईनें बराच काळ पाहिला. १९९९ च्या कायद्यानें ती धास्ती पुष्कळशी दूर केली. आज जो अकरा महिन्यांचा करार सर्वत्र रूढ आहे त्याची कथाही मौजेची आहे. वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, तें टाळण्यासाठीं एक महिना कमी करण्याची युक्ति निघाली. १९९९ च्या कायद्याप्रमाणें असा प्रत्येक करार, मुदत कितीही असो, नोंदवावाच लागतो. पण अकराचा आंकडा मात्र आपल्या जागेवरून हललेला नाहीं. कारण नाहींसें झालें तरी रूढि उरते, याचें याहून चांगलें उदाहरण मला वर्गांत देतां येणार नाहीं.

(६)

१९६० चा सहकारी संस्थांचा कायदा आणि १९६३ चा मालकीच्या सदनिकांचा कायदा यांमुळें तालमकींची कल्पना उपनगरांच्या गल्लोगल्लीं पोहोंचली. बिऱ्हाडकरू स्वतः मालक झाला. आतां तरी घराची निगा राखली जाईल अशी अपेक्षा करणें चुकीचें नव्हतें. ती अपेक्षा कितपत सफळ झाली याचें उत्तर कोणत्याही सोसायटीच्या वार्षिक सभेंत बसून मिळवावें.

सिमेंट-कॉंक्रीट हें कौलासारखें बोलकें नसतें, हा येथला मुख्य पेंच आहे. कौल फुटलें तर त्याच रात्रीं अंथरूण भिजतें. गच्चींतली बारीक भेग मात्र दहा-दहा वर्षें गप्प बसते. तींतून पाणी हळूहळू आंतल्या सळईपर्यंत जातें. सळईला गंज चढतो. गंजलेलें लोखंड फुगतें आणि भोंवतालचें कॉंक्रीट ढकलून फोडतें. आणि एके दिवशीं छताचा पोपडा ताटांत पडतो तेव्हां घरधन्याला कळतें कीं आपण वरच्या माणसाच्या मोरीला इतकीं वर्षें उगाच दोष देत होतों. या मौनी शत्रूसाठींच संस्थांच्या आदर्श उपविधींत दोन निधि सांगितलेले आहेत. बांधकामाच्या खर्चाच्या किमान पाऊण टक्का दरसाल दुरुस्तीसाठीं, आणि किमान पाव टक्का दरसाल भावी पुनर्बांधणीसाठीं, असें तें प्रमाण आहे. ही एका टक्क्याची वर्गणी म्हणजे आमच्या काळांतील शाकारणी होय. पण शाकारणीचें काम डोळ्यांना दिसे व हातांना लागे. ही वर्गणी केवळ बिलांत दिसते, आणि म्हणून ती वाढविण्याचा ठराव आला कीं सभेंत एकमतानें पुढें ढकलला जातो. आमच्या सभेंत तो तीनदां पुढें ढकलला गेला. त्यांतल्या दोन वेळां हात वर करणाऱ्यांत मीही होतों, हें येथें कबूल केलें पाहिजे.

याचे परिणाम सर्वच ठिकाणीं सौम्य झाले असते तर हा लेख लिहावयाचें कारण नव्हतें. १८ जुलै २००७ रोजीं बोरिवलीस एक सात मजली इमारत कोसळली. २५ जुलै २०१७ रोजीं घाटकोपरास चार मजल्यांची इमारत पडून १७ माणसें मेलीं. दोन्ही ठिकाणीं तळमजल्यावरील फेरफारांवर बोट ठेवण्यांत आलें. दोन्ही दुर्घटना भर पावसाळ्यांतल्या आहेत, आणि दोन्ही इमारती चाळी नव्हेत, सदनिकांच्या होत्या. एका मजल्यावर मालक म्हणून राहणाऱ्या माणसाला आपण साऱ्या इमारतीचे बिऱ्हाडकरू आहों असें वाटूं लागलें, म्हणजे खालच्या मजल्यावर काय चाललें आहे हें विचारण्याचा अधिकारही आपल्याला आहे याचा त्याला विसर पडतो. २००९ पासून तीस वर्षांवरील इमारतींची रचनात्मक तपासणी महापालिकेच्या कायद्यानें सक्तीची केलेली आहे, आणि दरसाल पावसाळ्यापूर्वीं अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर होते. प्लेगच्या काळीं दारावर रंगविलेल्या अक्षरांची मला या यादीवरून आठवण होते. घरांतल्यांनीं जें वेळीं पाहिलें नाहीं तें शेवटीं बाहेरच्यानें येऊन भिंतीवर लिहावयाचें, हा क्रम सव्वाशें वर्षांत बदललेला नाहीं.

इमारती पाडून नव्या बांधण्याला माझा विरोध नाहीं. माझी स्वतःचीच पाडली जात आहे, आणि नव्या जागेंत आईसाठीं लिफ्ट असणार याचा मला आनंदच आहे. पण या पद्धतीनें आमच्या मनाला एक नवी संवय लावली आहे ती चिंताजनक वाटते. तीस-चाळीस वर्षांनीं कोणी तरी येऊन सगळें पाडणार व अधिक मोठी जागा फुकट देणार, या आशेवर बसलेला माणूस आजच्या भेगेकडे कशाला पाहील? जुना चाकरमानी मुंबईच्या खोलीची हेळसांड करी. पण त्याचें खरें घर निदान कोंकणांत तरी शाकारलेलें असे. आमचें दुसरें घर कोठेंच नाहीं. कौलें चाळावयास आम्हांला या गच्चीशिवाय दुसरें छप्पर नाहीं, आणि तिलाही आम्ही बिऱ्हाडासारखें वागवितों.

(७)

अखेर पाडव्यानंतर पांचव्या दिवशीं जोगेश्वरीच्या बाजूला दोन खोल्यांची एक जागा मिळाली. करार अकरा महिन्यांचा, अर्थात् नोंदविलेला. पहिल्याच रात्रीं मोरींतला नळ ठिबकूं लागला. मी आईला म्हटलें, "राहूं दे, मालकाला कळवूं. आपलें काय जातें?" तिनें कांहीं उत्तर दिलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं कॉलेजांतून परत आलों तों नळवाला नवा वायसर बसवून, खिडकीच्या झडपेखालची फटही सिमेंटनें बुजवून, चहा घेत बसलेला दिसला. पैसे आईनें आपल्या जवळचे दिले होते.

मी कांहींसा चिडून म्हणालों, "अकरा महिन्यांच्या जागेसाठीं?" ती म्हणाली, "अकरा महिन्यांत पावसाळा येत नाहीं का?" आणि त्या नळवाल्याकडे वळून तिनें त्याला बजावलें, "दर चैत्रांत एकदां येऊन बघून जात जा. आम्ही कुठेंही असलों तरी."

नव्या इमारतीच्या पहिल्या सभेंत दुरुस्तीनिधीचा ठराव कोणी मांडावा याचा निर्णय माझ्यापुरता त्याच संध्याकाळीं झाला. तो मी मांडणार आहें. या वेळीं तो पुढें ढकलण्यासाठीं माझा हात वर जाणार नाहीं.